सामाईक लाल

माझा धंदा नेमका काय, हे आमच्या नातेवाइकांना अजून कळलेलं नाही. लग्नाकार्यात भेटले की म्हणतात, "तू कम्प्युटरवर असते ना? मंग आमच्या पोट्ट्याच्या मार्कशीटच्या दोन झेरॉक्स काढून दे." मी डिझाइन करते असं सांगितलं तर विचारतात, "म्हणजे मेंदीचं?" हल्ली मी झेरॉक्स काढून देते आणि जेवायला बसते.

वडिलांचं आयुष्य कामठीला पॉवरलूमवर गेलं, तेही उभ्यानं. त्यांच्या लेखी काम म्हणजे उभं राहून करायची गोष्ट. मी नागपुरात इतवारीच्या मागच्या गल्लीत दुकान टाकलं तेव्हा ते कौतुकानं आले, कोपऱ्यातल्या खुर्चीवर दिवसभर बसले, आणि जाताना हळूच म्हणाले, "काहून वं, दिवसभर बसूनच राहते, तं काम केव्हा करते?"

आमच्या घरातली पहिली पदवी माझी. बी.कॉम. ते सर्टिफिकेट मी काचेत बसवून दुकानात लावलं आहे, लक्ष्मीच्या फोटोच्या शेजारी आणि तिच्यापेक्षा जरा मोठ्या फ्रेममध्ये. ग्राहक ते वाचतात आणि म्हणतात, "अन् ड्रॉइंगचं सर्टिफिकेट?" ते नाही. मला साधं मांजर काढता येत नाही. पण मांजराच्या डोळ्याचा हिरवा छापल्यावर शेवाळी का दिसतो, हे मी सांगू शकते, आणि पैसे मला त्याचेच मिळतात. पुड्या, पाकिटं, खोकी, दवाखान्यांच्या फायली, दुकानांच्या पाट्या. तुम्ही जे फाडून फेकता आणि आतला माल काढून घेता, ते फाडलेलं माझं असतं.

ग्राहक रंग मागतो तो नेहमी 'थोडा' मागतो. थोडा उठाव द्या. थोडा भारी वाटला पाहिजे. थोडा कमी लाल करा, पण लालच ठेवा. आता एका पुडीवर एकच लाल पंधरा-वीस जागी असतो. नावाच्या पट्टीत, कडेला, मागच्या चौकटीत, अक्षरांच्या सावलीत, आणि प्रत्येक जागी जरा वेगळा, कुठं गडद, कुठं फिका. प्रत्येक 'थोडा' ऐकून हातानं एकेक जागा बदलत बसलं की दिवस जातो. शिवाय एखादी जागा राहतेच. ती छपाई झाल्यावर ग्राहकाच्या सासूला दिसते.

यासाठी आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय आहे. जोडलेल्या छटा. एक मूळ रंग ठरवायचा आणि त्याच्या पोटी बाकीच्या छटा काढायच्या. आमच्या दुकानात आम्ही त्यांना मायरंग आणि लेकरं म्हणतो. लेकराचा फिकेपणा किंवा गडदपणा त्याचा स्वतःचा, पण वळण मायचं. माय नारिंगीकडे सरकवली की सगळी लेकरं मुकाट तिच्यामागे सरकतात. लेकराला फिकं करा, गडद करा, माय जागची हलत नाही. एखादं लेकरू वेगळं काढायचं झालं तर त्याचा जोड तोडता येतो. मग ते स्वतःच मूळ रंग होतं, आणि मायचं पुढं काहीही होवो, त्याला फरक पडत नाही.

धंतोलीतल्या एका डॉक्टरांचं सगळं काम मी असंच निळ्याच्या पोटी केलं होतं. फायली, चिठ्ठ्या, पाट्या, औषधाच्या पिशव्या. सगळं तयार झाल्यावर त्यांच्या मिसेसना निळा उदास वाटला आणि जांभळट हवा झाला. डॉक्टर बिचारे अपराधी चेहरा करून म्हणाले, "तुम्हाला सगळं पुन्हा करावं लागेल." मी त्यांच्यादेखत एक मोठा उसासा टाकला. ते गेल्यावर मायरंग सरकवला, चहा मागवला, आणि चहा यायच्या आत सगळा दवाखाना जांभळट झाला. काम मात्र आठवड्यानं दिलं. लगेच दिलं असतं तर त्यांना मी काही केलंच नाही असं वाटलं असतं. वडिलांना तर आधीच वाटत होतं.

एवढी सोपी गोष्ट. ती अवघड झाली एका मसाल्याच्या घरात.

मनोहरभाऊ आणि दिलीप ही या दोघा भावांची खरी नावं नाहीत. त्यांच्या मसाल्याचं नाव तर मी सांगतच नाही, कारण दोघंही अजून माझे ग्राहक आहेत आणि दोघांनाही वाचता येतं. पहिल्यांदा आले ते एकाच स्कूटरवर. वडिलांनी सुरू केलेला मसाला तोवर साध्या प्लास्टिकच्या पिशवीत विकला जायचा, आत नावाची एक चिठ्ठी घालून. आता छापील पुडी करायची होती. मनोहरभाऊंनी खिशातून रुमाल काढला आणि माझ्या टेबलावर सोडला. आत वाळलेल्या भिवापुरी मिरच्या.

"हा रंग पाहिजे ताई. याच्या एक केसभर इकडं नाही न तिकडं नाही."

मिरचीला एक रंग नसतो. देठाजवळ वेगळा, टोकाला वेगळा, उजेडाकडे धरली की तिसराच. मी मिरच्या पडद्याशेजारी धरून एकेक लाल लावून बघत होते आणि शिंकत होते. शेवटी नाकाडोळ्यांतून धार लागली.

"दादा, ताई रडून राहिल्या ना," दिलीप म्हणाला.

"रंग चांगला आला म्हून रडून राहिल्या. तू पाय, बरोबर बसला का?"

दिलीपनं खुर्ची ओढून पाहिलं. त्याला त्यात जरा काळपट झाक वाटली, ती मी काढली. मनोहरभाऊ म्हणाले, "आता झाला." असा तो लाल ठरला, दोघांच्या डोळ्यांनी. तो तिखटाच्या पुडीला दिला आणि मायरंग केला. त्याच्या पोटी काळ्या मसाल्याचा गडद, गरम मसाल्याचा त्याहून थोडा उजळ, धने पावडरीचा फिका. हळदीची पुडी पिवळी, पण तिच्याही कडेला याच लालाची पट्टी. दुकानात पाच पुड्या ओळीनं टांगल्या की लांबून कळायचं, एका घरच्या आहेत. मला त्या कामाचा अभिमान होता. अजून आहे.

मसाला चालला. खेड्यांतल्या बाजारात बाया त्याला नावानं मागायच्या नाहीत, "लाल पुडी द्या" म्हणायच्या. आणि पुढे दोघा भावांचं फाटलं. का, ते मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं. दोन्ही कारणं ऐकताना खरी वाटली. वाटणी झाली. तिखट आणि हळद मनोहरभाऊंकडे. काळा मसाला, गरम मसाला आणि धने पावडर दिलीपकडे. वडिलांचं नाव दोघांनी ठेवायचं, खाली आपापलं लिहायचं. चक्क्या वाटल्या, गोदाम वाटलं, दुकानदारही वाटले म्हणतात. अडलं ते लालावर.

म्हणून एक दिवस दोघं भाऊ दोन स्कूटरींवरून माझ्या दुकानात आले, सोबत उमरेडचे मामा. मामा म्हणजे निवृत्त तलाठी. दुसऱ्यांच्या जमिनीच्या वाटण्या पाहण्यात त्यांची नोकरी गेलेली. त्यांनी आधी पडदा नीट पाहिला, मग वाकून पडद्याच्या मागेही पाहिलं.

"कोणता म्हणता तो भांडणाचा रंग?"

मी दाखवला.

"हाच? मले तं कुकवासारखा दिसून राहिला. दोघं दोन करंडे घ्या न घरी जा."

"मामा, मजाक नोका करू," दिलीप म्हणाला. "बाया नाव नाही वाचत. रंग पायतेत. लाल गेला म्हणजे माहा माल गेला."

"तिखट कोणाकडं आलं?" मनोहरभाऊ छताकडे बघत म्हणाले. "माह्याकडं. मंग लाल कोणाचा?"

"अन् माहा काळा मसाला कोणातून निंघला? त्याच लालातून. इचार ताईले."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी मायरंग, लेकरं, जोड, सगळं समजावून सांगितलं. तोडता येतो हेही सांगितलं. एक क्लिक करायची, लेकरू आहे त्या रंगात वेगळं होतं. मला वाटलं, प्रश्न मिटला. पण मामांनी चष्मा काढून पुसायला घेतला होता. पुढं कळलं की मामा चष्मा पुसायला लागले की निकाल देतात.

"म्हणजे पाणी एका विहिरीचं, पाट पाच," मामा म्हणाले. "वावर वाटता येते. मधात धुरा टाकता येते. झाडं मोजून घेता येतेत. पण विहीर कापता येत नाही बाप्पा. विहीर सामाईक राहते."

आमच्याकडे शेताची वाटणी अशीच होते. मधे धुरा, म्हणजे बांध, पडून जमीन तुटते, विहीर दोघांची राहते, आणि पाण्याची पाळी लावतात. मामांनी तोच कायदा माझ्या कम्प्युटरला लावला. मायरंग सामाईक. आपापल्या पुडीचा फिकेपणा, गडदपणा ज्यानं त्यानं पाहावा. पण लालाला हात लावायचा किंवा जोड तोडायचा, तर दोघं भाऊ माझ्या दुकानात समोरासमोर हजर पाहिजेत.

"मामा," मी म्हटलं, "फाईल म्हणजे विहीर नाही. तिची नक्कल काढता येते. एक यांना देते, एक त्यांना."

तलाठ्यासमोर नक्कल हा शब्द काढायला नको होता.

"नक्कल?" मामा अर्धवट उठलेच. "नक्कल निंघाली की अस्सल कोणती यावर दुसरं भांडण. नक्कल नाही!"

आणि वाटणी सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच दोघा भावांचं एकमत झालं. नक्कल नाही. त्याच्या हातात फाईल गेली तर तो गुपचूप काय करील सांगता येत नाही, असं दोघांनाही वाटत होतं. मामांनी भिंतीवरच्या माझ्या सर्टिफिकेटकडे बोट दाखवलं. "फाईल बाईंपाशी राहीन. शिकलेल्या आहेत. बी.कॉम. आहेत."

पदवी घेताना मी नोकरीची स्वप्नं पाहिली होती, बँकेची पाहिली होती. एक दिवस दोन भाऊ मला लालाच्या राखणीवर बसवतील, हे काही पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मी जरा जोर लावून नाही म्हणायला हवं होतं, असं नंतर पुष्कळदा वाटलं. पण कोणी आपल्या पदवीकडे बोट दाखवून विश्वास टाकला की नाही म्हणवत नाही, हेही खरं.

काही महिने बरे गेले. मग मनोहरभाऊंचा माल पोचवणारा माणूस दुकानादुकानांत सांगू लागला की अस्सल मसाला मोठ्या भावाचा, धाकट्याचा डुप्लिकेट. रंग तोच, वडिलांचं नाव तेच, त्यामुळे सांगायला सोपं. लाल ठेवला तर नुकसान आणि सोडला तर ओळख जाणार, अशा कात्रीत दिलीप सापडला. एका दुपारी तो बायकोला, शोभाला, घेऊन आला. तिनं पिशवी माझ्या टेबलावर उलटी केली. काळ्या मसाल्याच्या परत आलेल्या पुड्या.

"उमरेडच्या बाजारातून वापस आल्या ताई," शोभा म्हणाली. "मी सोता भाजते, सोता कुटते, न दुकानदार म्हणते डुप्लिकेट. मी काय डुप्लिकेट आहो काय?"

"चक्की बंद पडून राहिली," दिलीप म्हणाला. "कामावरच्या बाया घरी बसवल्या. असंच चाललं तं दसऱ्यापर्यंत माहा धंदा खतम आहे. तोडा ताई. जोड तोडून टाका. जांभळा करीन, निळा करीन, पण माहा सोताचा रंग करीन. एकडाव कळलं पाहिजे लोकाईले, हा येगळा माणूस आहे म्हून."

मी तोडला नाही. तोडला असता तर नव्या पुड्या बाजारात येईपर्यंत मनोहरभाऊंना कळलंही नसतं. पण शब्द दिला होता. मी त्यांना फोन केला.

"मले काय गरज पडली?" ते म्हणाले. "त्याले तोडाचं आहे, त्यानं याव. मी कशाले येऊ?"

"दोघं पाहिजेत भाऊ. नियम तुमचाच आहे."

"मंग नियम पाळा," म्हणाले आणि फोन ठेवला.

दिलीप रोज यायचा. बाकावर बसायचा, आलेल्या ग्राहकाला पाणी द्यायचा, आणि जाताना विचारायचा, "दादाचा फोन?" आलेला नसायचा.

दादाला आणलं ते उन्हानं. विदर्भाचं ऊन काय असतं हे मी नागपूरच्या माणसाला सांगायला नको. बाजारात दुकानदार पुड्यांची लड दोरीला टांगतात, दिवसभर ती उन्हात लटकते. आमचा मिरचीचा लाल त्या उन्हात विटू लागला. आधी गुलाबी, मग हिरडीसारखा. गिऱ्हाइकं म्हणू लागली, जुना माल आहे. छापखान्याच्या माणसानं सांगितलं, या लालाची शाई उन्हात टिकत नाही, थोडा विटकरीकडे सरकवून घ्या, त्या लालाची शाई पक्की असते. आणि मग विटलेल्या पुड्यांची लड हातात घेऊन मनोहरभाऊ स्वतः माझ्या दारात उभे राहिले.

"बदलवा ताई. छापखानेवाला सांगते तसा करा."

"दोघं पाहिजेत भाऊ."

त्यांनी लड टेबलावर टाकली. मग म्हणाले, "बोलवा त्याले."

असे दोघं एकदाचे समोरासमोर आले. मधे मी आणि पडदा. मामा येऊ शकले नाहीत, त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि ते धंतोलीच्या दवाखान्यात खाटेवर होते. पण निकाल देण्याची संधी सोडतील ते मामा कसले. फोन लावून स्पीकरवर टेबलावर ठेवला.

दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. सगळं माझ्यामार्फत.

"याले सांगा, मले लाल बदलवाचा आहे. त्याची काही हरकत नसावी."

"दादाले सांगा, बदलव. पण मले जोड तोडाचा आहे. त्याले त्याची हरकत नसावी."

"नाही हरकत."

"माही बी नाही."

मला इतका आनंद झाला की मी माऊस हातात घेतला. तेवढ्यात फोनमधून मामा खाकरले.

"थांबा. एक आयकून घ्या. तुटल्यावर ज्याच्यापाशी जो रंग राहीन, तो त्याचा. मागून कोणी कोणाचा रंग पायून आपला करायचा नाही. कबूल?"

"कबूल," मनोहरभाऊ म्हणाले.

"कबूल," दिलीप म्हणाला. आणि मग तो थबकला. इतक्या दिवसांच्या येण्याजाण्यात तो माझ्या सॉफ्टवेअरमधलं बरंच शिकला होता. "ताई, आंधी काय करसान?"

इथं मला वाचकाला थोडं थांबवायला हवं, कारण त्या दिवशी मीही थांबले. कामं दोन होती, मायरंग बदलणं आणि जोड तोडणं, आणि आधी कोणतं करायचं यावर सगळं होतं. आधी लाल बदलला, तर जोड अजून शाबूत असल्यामुळे दिलीपच्या पुड्याही नव्या पक्क्या लालाकडे सरकणार, आणि मग तोडला की तो पक्का रंग त्याच्या मालकीचा होणार. आधी तोडला, तर दिलीपचा स्वतःचा रंग ठरेपर्यंत त्याच्या पुड्या जुन्या लालातच राहणार, उन्हात विटणाऱ्या. आणि मामांच्या शर्तीप्रमाणे त्याला पुढे भावाचा नवा लाल घेता येणार नाही. आधीच डुप्लिकेट म्हणून परत येणाऱ्या पुड्या, वर विटलेल्या. मग दसऱ्याचीही वाट पाहायला नको होती.

मी हे जसं आहे तसं सांगितलं.

"आंधी तोडा," मनोहरभाऊ म्हणाले.

"आंधी बदलवा," दिलीप म्हणाला.

"नवा रंग मी शोधून आणला. छापखान्यात मी गेलो. याले काहून फुकटात भेटावा?"

"विहीर सामाईक आहे ना? मंग पाणी बी सामाईक. मामा, सांगा ना!"

फोनमधून नुसता खोकला आला. मग मामा म्हणाले, "बाई ठरवतीन. शिकलेल्या आहेत."

मी माऊस टेबलावर ठेवून दिला आणि हात मांडीवर घेतले. "मी बी.कॉम. आहे मामा," मी म्हटलं, "वाटणीचा कोर्स केलेला नाही. तुम्ही सांगा, मी क्लिक करते."

टेबलाच्या कडेला दिलीपच्या परत आलेल्या पुड्या अजून पडलेल्या होत्या, शोभानं त्या दिवशी ओतलेल्या, मी नुसत्या बाजूला सारलेल्या. मनोहरभाऊंनी उगीच काहीतरी हातात हवं म्हणून एक उचलली. उलटसुलट केली. मग दातानं कोपरा फाडला, चिमूटभर मसाला तळहातावर घेतला आणि हुंगला.

"कोण भाजते आता?" त्यांनी विचारलं. हे माझ्याकडे बघून नव्हतं.

"शोभा."

"दगडफूल जास्त पडलं."

"तुलेच जास्त लागते ना," दिलीप म्हणाला. "तुह्या हिशोबानंच टाकते ते. अजून."

मनोहरभाऊंनी पुन्हा हुंगलं. तळहातावरचा मसाला झटकला नाही, परत पुडीत ओतला, कोपरा दुमडला आणि पुडी टेबलावर ठेवली.

"आंधी रंग बदलवा," ते मला म्हणाले.

"भाऊ, नक्की?"

"हो ना. याच्या पुड्या विटल्या तं लोकं काय याले बोलतीन? वरतं नाव बाबाचं आहे. बदनामी माही होईन." आणि दिलीपकडे न बघता पुढे म्हणाले, "अन् तो माल पोचवणारा आहे ना माहा, त्याले लय बोलाची सवय आहे. त्याले सांगतो मी."

मी मायरंग विटकरीकडे सरकवला. पाचही पुड्या एकदम सरकल्या. तिखट, काळा मसाला, गरम मसाला, धने, हळदीची पट्टी. दिलीप पुढे वाकला, मनोहरभाऊही वाकले. दोघांची डोकी पडद्यासमोर इतकी जवळ आली की मला काही दिसेना.

"थोडा जास्त नाही झाला?" दिलीप म्हणाला.

"थोडा कमी करा," मनोहरभाऊ म्हणाले.

मी थोडा कमी केला. दोघंही मागे सरून खुर्चीत टेकले, म्हणजे पसंत.

"आता तोडू?"

दिलीपनं मान हलवली. मी त्याच्या तीन रंगांचे जोड एकेक करून तोडले. आणि काहीच झालं नाही. पडद्यावर त्याच पाच पुड्या, तोच लाल, कुठं रेघसुद्धा हलली नाही.

"तोडा ना ताई," दिलीप म्हणाला.

"तुटले."

"केव्हा?"

"आत्ता. तुमच्या डोळ्यांसमोर."

तिघंही बघत बसलो. फोनमधून मामा ओरडले, "काय झालं? आवाज नाही आला!"

"तुटलं म्हणतेत मामा," मनोहरभाऊ म्हणाले, "पण काही दिसून नाही राहिलं." मग माझ्याकडे वळले. "मंग तुटलं हे समजते कसं?"

"तुम्ही पुढच्या वेळी लाल बदलाल ना भाऊ, तेव्हा. तुमचा हलेल, यांचा जागीच राहील. तेव्हा दिसेल."

"असं," ते म्हणाले, आणि लड उचलून गेले.

नव्या लालाच्या पुड्या बाजारात गेल्या. डुप्लिकेटची बोलणी थांबली. ती कशी थांबली हे मला कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दिलीपच्या कामावरच्या बाया परत आल्या, चक्की सुरू झाली, दसरा पार पडला. आता तो मोकळा होता. त्याच्या सांगण्यावरून मी जांभळ्याचे नमुने केले, मग निळ्याचे केले, मग एक सुरेख मोरपंखी केला जो मला स्वतःला फार आवडला होता. प्रत्येक वेळी तो नमुना घरी न्यायचा आणि येऊन सांगायचा, "शोभाले पसंत नाही पडला." एकदा शोभा भेटली तेव्हा मी विचारलं, मोरपंखीत काय वाईट होतं? ती म्हणाली, "कोणता मोरपंखी? मले तं दाखवलाच नाही."

दोघं अजून वेगवेगळे येतात. एकाचा वार दुसरा टाळतो. मला ते वार पाठ झाले आहेत. पण आल्यावर दोघंही खुर्चीवर बसण्याआधी एकच गोष्ट विचारतात, त्याचं काही नवीन काम आहे का. मी नाही म्हणते. नसतंच.

या उन्हाळ्यात मनोहरभाऊ आले होते. हल्ली पुड्यांना चकाकी नसलेलं प्लास्टिक वापरतात, त्यावर आमचा लाल जरा मळकट दिसतो. धंद्यातली बाई म्हणून मला ते खटकत होतं. मी फाईल उघडली आणि म्हटलं, "भाऊ, थोडा उजळ करून घेऊ. चांगला दिसेल."

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. "मी बदलवला तं त्याचा बदलणार नाही ना आता?"

"नाही. जोड तोडला आहे ना."

बाहेर कोणाची तरी स्कूटर थांबली, तिकडे त्यांनी मान वळवून पाहिलं, दुसराच कोणी होता.

"मंग राहू द्या," ते म्हणाले. "मागं फोन नंबर आहे, तेवढा बदलवा."